दरपत्रकातला नेमका भाव शोधायचा कसा: ओळ आणि कॉलम दोन्ही धरून

सोलापुरात चाटी गल्लीतल्या कुठल्याही कापडाच्या दुकानात गल्ल्याच्या काचेखाली एक दरपत्रक असतं. डावीकडे मालाची नावं, वर किरकोळ, डझन, घाऊक असे रकाने. फोनवर कुणी "मोठ्या टॉवेलचा डझनाचा भाव काय?" असं विचारलं, की एक बोट मालाच्या नावावरून आडवं सरकतं, दुसरं 'डझन'वरून खाली उतरतं आणि दोन्ही बोटं भेटतात तिथला आकडा सांगितला जातो.

आता बहुतेकांनी हे दरपत्रक एक्सेलमध्ये नाहीतर गूगल शीट्समध्ये घेतलं आहे. भाव मात्र अजूनही डोळ्यांनीच शोधतात आणि बिलात हाताने टाइप करतात. पाच ओळींच्या बिलाला हे चालून जातं. दिवाळीच्या तोंडावर साठ-सत्तर ओळींचं बिल आलं, की कुठेतरी एक ओळ खालचा भाव उचलला जातो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन बोटांचं हे काम शीटकडून कसं करून घ्यायचं, ते इथे पहिल्यापासून सांगतो. बेरीज करता येते, एवढं येत असलं तरी पुरे.

एक गोष्ट आधी. या लेखात फॉर्म्युले देवनागरीत छापले आहेत. शीटमध्ये टाइप करताना फंक्शनची नावं, कॉलमची अक्षरं आणि आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच द्यायचे (मॅच म्हणजे MATCH, इंडेक्स INDEX, लेन LEN, ट्रिम TRIM, सबस्टिट्यूट SUBSTITUTE, युनिकार UNICHAR, इफएरर IFERROR, इफएनए IFNA, व्हीलूकअप VLOOKUP, एक्सलूकअप XLOOKUP). मालाची नावं आणि हेडिंग मात्र खुशाल मराठीत ठेवा, काही अडत नाही. काही संगणकांवर फॉर्म्युल्यात स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम लागतो. स्वल्पविराम देऊन चूक दाखवत असेल, तर तो बदलून पाहा.

आधी तक्ता नीट मांडा

उदाहरणासाठी हा तक्ता घेऊ. भाव एका नगाचे, रुपयांत, आणि फक्त समजावण्यापुरते धरलेले आहेत.

| | ए | बी | सी | डी |
|---|---|---|---|---|
| १ | माल | किरकोळ | डझन | घाऊक |
| २ | चादर सिंगल | २४० | २२५ | २१० |
| ३ | चादर डबल | ४२० | ३९५ | ३७० |
| ४ | टॉवेल मोठा | १६० | १४८ | १३५ |
| ५ | टॉवेल लहान | ८५ | ७८ | ७० |
| ६ | नॅपकिन | ३२ | २८ | २५ |
| ७ | वॉल हँगिंग | ६०० | ५७० | ५४० |

मांडणीचे नियम थोडेच आहेत, पण ते मोडले तर पुढचं काहीच धड चालत नाही. हेडिंगची ओळ एकच ठेवा. सेल मर्ज करू नका. 'चादर' हा शब्द एका मोठ्या सेलमध्ये आणि त्याच्या शेजारी सिंगल-डबल अशी रचना छापील पत्रकात छान दिसते, पण मर्ज केलेल्या सेलमधला मजकूर फक्त पहिल्या सेलमध्ये असतो, बाकीचे सेल शीटच्या हिशेबी रिकामे. म्हणून प्रत्येक ओळीत पूर्ण नाव लिहा. भावाच्या सेलमध्ये फक्त आकडा हवा. '१६०/-' किंवा 'रु. १६०' असं लिहिलंत, की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो. आकडा सेलमध्ये आपोआप उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे, त्यामुळे एका नजरेत फरक कळतो. मधेच रिकामी ओळ सोडू नका.

पहिला प्रश्न: कितव्या ओळीत?

एफ२ या सेलमध्ये 'टॉवेल मोठा' लिहा, एफ३ मध्ये 'डझन'. आता कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये हे द्या:

=मॅच(एफ२, ए२:ए७, ०)

उत्तर ३ येईल. मॅच भाव सांगत नाही. दिलेल्या यादीत तुमचा शब्द कितव्या जागी आहे, एवढंच सांगतं. ए२ पासून मोजलं तर 'टॉवेल मोठा' तिसरा, म्हणून ३. शीटच्या डाव्या कडेला तिथे ४ हा क्रमांक दिसतो, पण मॅचला त्याच्याशी देणंघेणं नाही. ते स्वतःच्या यादीच्या सुरुवातीपासून मोजतं. नवशिक्याचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे थांबून एफ२ मध्ये दोन-तीन वेगवेगळी नावं टाकून उत्तरं बघा.

शेवटचं ० म्हणजे 'तंतोतंत तोच शब्द हवा'. ते कधीही गाळू नका. गाळलं तर मॅच ते १ आहे असं धरतं, म्हणजे यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं समजून जवळपासचं उत्तर देतं. आपली मालाची यादी तशी लावलेली नसते. मग कधी बरोबर, कधी चूक असं उत्तर येतं आणि चुकलेलं उत्तरही अगदी खऱ्यासारखं दिसतं.

दुसरा प्रश्न: कितव्या कॉलममध्ये?

तेच फंक्शन, फक्त आडव्या यादीवर:

=मॅच(एफ३, बी१:डी१, ०)

उत्तर २, कारण बी१ पासून मोजता 'डझन' दुसरा.

दोन्ही मिळून भाव

आता इंडेक्स. नाटकाच्या तिकिटावर ओळ आणि खुर्चीचा क्रमांक असला, की हुतात्मा स्मृती मंदिरात अंधारातही जागा सापडते, तसं इंडेक्सला ओळ आणि कॉलम यांचे क्रमांक दिले की ते त्या जागेवर जे असेल ते आणून देतं.

=इंडेक्स(बी२:डी७, ३, २)

उत्तर १४८. तिसरी ओळ, दुसरा कॉलम. पण ३ आणि २ हाताने लिहिण्यात काही अर्थ नाही, ते तर मॅचने आपल्याला काढून दिलेत. म्हणून त्या आकड्यांच्या जागी दोन्ही मॅच बसवा:

=इंडेक्स(बी२:डी७, मॅच(एफ२, ए२:ए७, ०), मॅच(एफ३, बी१:डी१, ०))

हाच मुख्य फॉर्म्युला. डावीकडून वाचा: या भावांमधून आण, ओळ तीच जिथे माल सापडला, कॉलम तोच जिथे दर्जा (किरकोळ, डझन की घाऊक) सापडला. लांबी बघून दचकू नका. आधी दोन्ही मॅच वेगळ्या सेलमध्ये लिहा, उत्तरं पडताळा, मग एकत्र जोडा. एका दमात सगळा लिहून 'चालत नाही' म्हणून डोकं धरण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी सरळ आहे. पुढेही कधी उत्तर विचित्र आलं, तर असंच तोडून बघायचं: ओळ बरोबर येतेय का, कॉलम बरोबर येतोय का.

आणि एक तपासणी, जी मी प्रत्येकाला आवर्जून करायला सांगतो. तीनही पट्टे, म्हणजे बी२:डी७ सारखे सेलचे गट, एकमेकांशी जुळले पाहिजेत. भावांचा पट्टा २ ते ७ ओळींचा असेल, तर मालाचा पट्टाही २ ते ७च हवा. भावांचा बी ते डी असेल, तर हेडिंगचाही बी ते डीच. समजा मालाचा पट्टा ए१ पासून धरलात. 'टॉवेल मोठा' आता चौथा येईल आणि इंडेक्स त्याच्या भावांची चौथी ओळ देईल. म्हणजे टॉवेल लहान, ७८ रुपये. चुकीची खूण नाही, लाल अक्षर नाही, काही नाही. मोठा टॉवेल निम्म्या भावात गेला. यंत्राने 'सापडलं नाही' असं ओरडून सांगितलेलं परवडतं. गुपचूप दिलेला चुकीचा भाव मालकाच्या खिशातून जातो.

म्हणून फॉर्म्युला तयार झाला की कोपरे तपासा. पहिला माल पहिला कॉलम, शेवटचा माल शेवटचा कॉलम, आणि मधला कुठलाही एक. चादर सिंगल किरकोळ २४० आणि वॉल हँगिंग घाऊक ५४० आलं, तर पट्टे जुळले असं समजायला हरकत नाही.

बिलावर नेताना डॉलरची खूण

दरपत्रकाच्या शीटला 'दर' नाव द्या, बिलाच्या शीटला 'बिल'. बिलात ए कॉलममध्ये माल, बीमध्ये दर्जा, सीमध्ये नग, डीमध्ये भाव, ईमध्ये रक्कम. डी२ मध्ये:

=इंडेक्स(दर!$बी$२:$डी$७, मॅच($ए२, दर!$ए$२:$ए$७, ०), मॅच($बी२, दर!$बी$१:$डी$१, ०))

दुसऱ्या शीटचं नाव आणि उद्गारचिन्ह हाताने टाइप करत बसू नका. फॉर्म्युला लिहिता लिहिता 'दर' शीटवर जाऊन माउसने पट्टा निवडलात, की नाव आपोआप येतं.

डॉलरची खूण म्हणजे कुलूप. फॉर्म्युला खाली ओढला, की साधे पत्ते एकेक ओळ खाली सरकतात. बिलातलं ए२ खाली ए३, ए४ व्हायलाच हवं, म्हणून तिथे २ च्या आधी डॉलर नाही. दरपत्रकाचा पट्टा मात्र हलता कामा नये. पत्त्यावर कर्सर ठेवून एफ४ ही कळ दाबली, की डॉलर येतात. पुन्हा पुन्हा दाबली, की फक्त ओळ, फक्त कॉलम, दोन्ही नाही, असे प्रकार फिरत राहतात. बऱ्याच लॅपटॉपवर ती एफएन कळीबरोबर दाबावी लागते. बिलाच्या पहिल्या काही ओळी बरोबर आणि खालच्या ओळींत 'सापडत नाही' असं दिसलं, तर डॉलर द्यायचे राहिलेत हे बिनदिक्कत समजा.

नावं टाइप करण्याऐवजी यादीतून निवडता आली तर निम्म्या चुका तिथेच संपतात. बिलातला ए कॉलम निवडा आणि एक्सेलमध्ये डेटा, मग डेटा व्हॅलिडेशन, त्यात लिस्ट, आणि स्रोत म्हणून 'दर' शीटमधली मालाची यादी द्या. गूगल शीट्समध्येही डेटा मेनूतच डेटा व्हॅलिडेशन आहे, लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये डेटा मेनूत व्हॅलिडिटी. बी कॉलमला किरकोळ, डझन, घाऊक यांची यादी जोडा. मग बिल नवीन आलेला मुलगा करो नाहीतर मालक स्वतः, नाव तेच येणार.

नगावरून कॉलम आपोआप निवडणं

'डझन' की 'घाऊक' हे माणसाने ठरवायचं कशाला? नग किती ते बिलात लिहिलेलंच असतं. समजा ठरलं आहे की १ पासून किरकोळ भाव, १२ पासून डझनाचा, १०० पासून घाऊक. मग 'दर' शीटच्या बी१, सी१, डी१ मध्ये शब्दांऐवजी १, १२, १०० हे आकडे लिहा. आणि दुसरा मॅच असा करा:

मॅच($सी२, दर!$बी$१:$डी$१, १)

इथे शेवटी १ आहे, आणि तो जाणूनबुजून. याचा अर्थ: मागितलेल्या संख्येएवढा किंवा तिच्यापेक्षा लहान असा सर्वांत मोठा आकडा शोध. ७५ नग मागितले, तर १०० पर्यंत पोचत नाही, १२ ला थांबतं, उत्तर २. ११ नग असतील तर १. नेमके १०० असतील तर ३. नगाचा सेल शून्य असेल तर 'सापडत नाही' येतं, आणि यायलाच हवं.

एकाच फॉर्म्युल्यात मालासाठी ० आणि नगासाठी १, असे दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. नाव तंतोतंत हवं, संख्या टप्प्यात बसली की झालं.

अट एकच: आकडे डावीकडून उजवीकडे चढते हवेत. १ दिल्यावर मॅच यादी पहिल्यापासून एकेक करून तपासत नाही. मधोमध बघतं, मोठं की लहान ते ठरवतं आणि निम्मी यादी सोडून देतं. क्रम बिघडला तर ज्या निम्म्यात उत्तर आहे तेच सोडलं जाऊ शकतं. टप्पा वाढवायचा झाला, समजा ६० नगांचा, तर कॉलम १२ आणि १०० यांच्या मधेच घाला, शेवटी नको.

हेडिंगला नुसता १२ बघून गिऱ्हाईकाला कळणार नाही, असं वाटत असेल तर सेलचा फॉरमॅट बदला. कस्टम फॉरमॅटमध्ये ०" नगांपासून" असं दिलं, की सेलमध्ये '१२ नगांपासून' दिसतं, पण आत १२ हा आकडाच राहतो. हे शब्द सेलमध्ये टाइप केले असते तर तो मजकूर झाला असता आणि सगळं मोडलं असतं.

टेम्पोच्या भाड्याचा तक्ता याच साच्यात बसतो. डावीकडे जिल्ह्यातले ११ तालुके, उत्तर सोलापूर ते मंगळवेढा. वर वजनाचे टप्पे किलोत. बाजार समितीतल्या कांद्याच्या भावांचाही असाच: डावीकडे तारीख, वर किमान, कमाल, सर्वसाधारण. फक्त तारखांच्या बाबतीत सावध. तारीख शीटच्या आत एक संख्या असते, दिसायला दिनांक. १४/०१ असं लिहून ती सेलमध्ये डावीकडे चिकटली, तर ती मजकूर झाली आहे आणि मॅचला सापडणार नाही.

'सापडत नाही' आलं तर: मराठीच्या खास अडचणी

#एन/ए या खुणेचा अर्थ 'यादीत नाही'. आणि तुम्ही म्हणता, अहो, हा काय समोर आहे की! डोळ्यांना दोन शब्द सारखे दिसणं आणि संगणकाला ते सारखे असणं, यात अंतर आहे. मराठीत हे अंतर जरा जास्तच.

संशय आला की आधी थेट विचारा: =एफ२=ए४. ट्रू आलं तर शब्द एकच, फॉल्स आलं तर काहीतरी वेगळं. मग दोन्हींची लांबी काढा, =लेन(एफ२) आणि =लेन(ए४). काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात, म्हणून 'नॅपकिन' ६ येतं. त्याचं आश्चर्य मानू नका. दोन्ही आकडे सारखे आहेत का, एवढंच बघा.

वेगळे निघाले तर बहुतेकदा शेवटी एक स्पेस लपलेली असते. 'टॉवेल मोठा' नंतर चुकून स्पेसबार दाबला गेला, बस्स. ट्रिम फंक्शन पुढच्या-मागच्या स्पेस काढतं आणि मधल्या दोनाची एक करतं. तरीही बसलं नाही, तर ती वेबपानावरून आलेली दुसऱ्या जातीची स्पेस असते, जिला ट्रिम हात लावत नाही. ती अशी जाते:

=ट्रिम(सबस्टिट्यूट(ए४, युनिकार(१६०), " "))

दुसरी अडचण आपल्या लिपीचीच. 'ॲप्रन' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात ॲ हे एकच अक्षर असतं, दुसऱ्यात आधी अ आणि मग त्यावर चंद्र. छापून आलं की दोन्ही एकसारखेच. लेन मात्र एकाला ५ सांगतं, दुसऱ्याला ६. मोबाइलवर टाइप केलेली यादी आणि संगणकावर टाइप केलेली यादी जोडताना हे हमखास होतं. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच: 'सोलापूर' आणि 'सोलापुर' हे शीटसाठी दोन वेगळे गाव.

तिसरी, जुन्या फायलींची. बऱ्याच दुकानांत पूर्वी डीटीपीच्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये याद्या केल्या गेल्या. त्या पडद्यावर मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. फाँट बदलून साधा केला, की खरं रूप दिसतं. अशी यादी युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय तिच्यात आजच्या कीबोर्डवरून टाइप केलेलं मराठी नाव सापडणं शक्य नाही.

चौथी अडचण आकड्यांची. १२ हे देवनागरी अंकांत टाइप केलंत, तर शीट ते मजकूर समजण्याची शक्यता मोठी. हिशेबाचे आकडे इंग्रजी अंकांतच ठेवा.

आणि एक अडचण टॉवेलवाल्यांची. माप '३०*६०' असं ताऱ्याची (*) खूण देऊन लिहायची सवय आहे. एक्सेलमध्ये तंतोतंत शोधतानाही तारा या खुणेचा अर्थ 'इथे काहीही चालेल' असा होतो. म्हणजे '३०*६०' शोधलं, तर वरच्या ओळीत असलेलं '३० जाड*६०' आधी पकडलं जाईल. प्रश्नचिन्हाचंही तसंच, ते एका अक्षराच्या जागी बसतं. मापात ताऱ्याऐवजी गुणिलेचं चिन्ह × वापरा, प्रश्नच मिटतो. तारा ठेवायचाच असेल, तर शोधायच्या शब्दात ताऱ्याच्या आधी ~ ही नागमोडी खूण द्यावी लागते.

माझं ठाम मत असं की यादी शंभराच्या वर गेली, की प्रत्येक मालाला छोटा कोड द्यावा आणि शोध कोडवरून घ्यावा, नाव फक्त वाचायला. सोलापुरात एकाच दुकानात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी माणसं काम करतात आणि एकाच मालाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्याकडून येणाऱ्या यादीत चौथी तऱ्हा असते. कोडला स्पेलिंग नसतं, त्यामुळे वादही नसतो.

चूक झाकू नका

#एन/ए कुरूप दिसतं म्हणून पुष्कळ जण पूर्ण फॉर्म्युला इफएररमध्ये गुंडाळतात आणि चूक आली तर ० दाखवायला सांगतात. कृपा करून हे करू नका. भाव शून्य, रक्कम शून्य, बेरीज बिनतक्रार होते आणि माल फुकट जातो. दाखवायचंच असेल तर शब्द दाखवा, आणि इफएररऐवजी इफएनए वापरा:

=इफएनए(इंडेक्स(...), "यादीत नाही")

इफएनए फक्त 'सापडत नाही' ही एकच चूक हाताळतं. बाकीच्या चुका उघड्या राहतात, आणि त्या दिसायलाच हव्यात. #रेफ! म्हणजे इंडेक्सला पट्ट्याबाहेरचा क्रमांक मिळाला किंवा कुणीतरी मूळ कॉलमच उडवला. #नेम? म्हणजे फंक्शनचं स्पेलिंग चुकलं.

व्हीलूकअप आणि एक्सलूकअपचं काय?

व्हीलूकअप बहुतेकांना ऐकून माहीत असतं. तेही चालतं, कॉलमचा क्रमांक मॅचने दिला तर:

=व्हीलूकअप(एफ२, ए२:डी७, मॅच(एफ३, ए१:डी१, ०), ०)

इथे हेडिंगचा पट्टा ए१ पासून आहे, कारण व्हीलूकअप मालाचा कॉलमही मोजतं. बरेच जण मॅचऐवजी थेट ३ लिहितात. मग दरपत्रकात मधे एक कॉलम घातला, की सगळे भाव एका घराने सरकतात. शिवाय शोधायचा कॉलम पट्ट्यात सर्वांत डावा असावाच लागतो. इंडेक्स-मॅचला असलं बंधन नाही, म्हणून शिकायचं तर तेच आधी शिका.

एक्सलूकअप नवीन आहे आणि लिहायला सुटसुटीत. एकात एक घातलं की दोन्ही दिशांचा शोध होतो:

=एक्सलूकअप(एफ२, ए२:ए७, एक्सलूकअप(एफ३, बी१:डी१, बी२:डी७))

आतलं एक्सलूकअप 'डझन'चा अख्खा कॉलम उचलून देतं, बाहेरचं त्यातून मालाची ओळ. तंतोतंत शोध हीच त्याची मूळ सवय आहे, ० द्यावं लागत नाही. मायक्रोसॉफ्टने ते २०१९ मध्ये जाहीर केलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि एक्सेल २०२१ मध्ये आहे, एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये नाही. गूगल शीट्समध्ये २०२२ पासून, लिब्रेऑफिसमध्ये २०२४ च्या २४.८ आवृत्तीपासून. फाइल तुमच्यापाशीच राहणार असेल तर जरूर वापरा. सीएकडे किंवा जुन्या संगणकावर जाणार असेल तर इंडेक्स-मॅचच बरं, ते सगळीकडे चालतं.

नवीन माल, नवे भाव

पट्ट्याच्या मधे ओळ घातली तर फॉर्म्युल्यातला पट्टा आपोआप वाढतो. शेवटच्या ओळीच्या खाली लिहिलं तर वाढत नाही, आणि नवीन माल 'यादीत नाही' म्हणतो. एक्सेलमध्ये तक्ता निवडून कंट्रोल-टी दाबलं, की त्याचं टेबल होतं आणि ते खाली आपोआप वाढतं. दुसरा साधा उपाय: तक्त्याच्या शेवटी 'नवीन माल या ओळीच्या वर घाला' असं लिहिलेली एक ओळ ठेवा आणि पट्ट्यात तीही धरा.

एकच माल दोनदा लिहिला गेला, तर मॅच पहिलाच पकडतं. खाली सुधारित भाव लिहून वरचा जुना तसाच ठेवला, तर जुनाच लागत राहणार. भाव बदलायचा तर त्याच सेलमध्ये बदला.

पण तिथेच एक मोठा धोका आहे. सुताचे भाव वाढले, तुम्ही 'दर' शीटमध्ये नवीन आकडे भरले, आणि त्याच फाइलमधली मागच्या महिन्यातली सगळी बिलं क्षणात नव्या भावाने बदलली, कारण ती अजून फॉर्म्युल्यानेच दरपत्रकाला जोडलेली आहेत. गिऱ्हाईकाकडे छापील बिल एक, तुमच्या संगणकात दुसरं, आणि जीएसटीचं विवरण भरून झालेलं. म्हणून बिल पक्कं झालं की भावाचा कॉलम निवडा, कंट्रोल-सी करा आणि त्याच जागी पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज चिकटवा. गूगल शीट्समध्ये आणि नव्या एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही एवढंच पुरतं. फॉर्म्युला जातो, आकडा राहतो. पुढच्या बिलासाठी कोऱ्या साच्याची एक प्रत वेगळी ठेवा, आणि दरपत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात, तक्त्यापासून दूरच्या सेलमध्ये, हे भाव कुठल्या तारखेपासून लागू आहेत ते लिहून ठेवा.